शरद अंक: आवाहनापासून छापील प्रतीपर्यंतचे साठ दिवस

छोट्या महाविद्यालयाचं वार्तापत्र काढायचं काम बहुतेक वेळा ज्यांनी ते कधी केलेलं नाही त्यांच्याच गळ्यात पडतं. आमच्या तिघांच्या गटाचा सोळा पानी शरद अंक नुकताच हातावेगळा झाला. क्रम ताजा आहे तोवर लिहून ठेवतो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

सुरुवातीला धास्ती होती ती मांडणीची आणि छपाईची. ती दोन्ही कामं मिळून तीन आठवड्यांत झाली. त्याआधीचे साडेपाच आठवडे गेले ते ‘कर्मचाऱ्यांचं यश’ या चार पानांमागे, आणि खरं सांगायचं तर एकेका क्रियापदामागे. पुरस्कार ‘मिळाला’ की ‘जाहीर झाला’, लेख ‘स्वीकारला गेला’ की ‘प्रकाशित झाला’, पेटंट ‘मिळालं’ की फक्त ‘अर्ज केला’. अशा अंकात खरी मेख इथेच असते.

अंक ३१ ऑक्टोबरला वाटायचा असं ठरलं आणि तिथून मागे मोजत आलो. छापखान्याला सात ते आठ दिवस, म्हणजे फाइल २० तारखेला गेली पाहिजे. मुद्रितशोधनाला चार दिवस, मांडणीला सहा, म्हणजे मजकूर ९ ऑक्टोबरला पक्का हवा. प्राचार्यांच्या वाचनाला पाच दिवस धरले. तपासणीला आठ दिवस धरले होते, ते कमी पडले. आवाहन १ सप्टेंबरला काढलं.

आवाहनात सर्वांत आधी कालखंड ठरवून द्यावा. आम्ही १ मार्च ते ३१ ऑगस्ट असा दिला, कारण मागचा अंक फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या बातम्यांचा होता. कालखंड दिला नाही तर गेल्या वर्षीचाच लेख तिसऱ्यांदा येतो, आणि तो नाकारताना कारण सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, नियम नावं येण्याआधी जाहीर करावेत. नाव समोर आल्यावर नियम काढला की तो त्या माणसाविरुद्ध काढल्यासारखा दिसतो, आणि छोट्या महाविद्यालयात सगळेच रोज एकमेकांना भेटत असतात. आवाहनात तीन नियम स्पष्ट लिहिले: पुरावा नसलेली नोंद छापली जाणार नाही, पैसे भरून मिळालेला पुरस्कार छापला जाणार नाही, आणि एका व्यक्तीच्या कितीही नोंदी असल्या तरी जागा साठ शब्दांचीच.

अर्जाचा तक्ता ऑनलाइन ठेवला. रकाने असे: उपाधी, नाव, विभाग, पद, काय झालं, नेमकी तारीख, त्यात स्वतःची भूमिका, पुरावा, फोटो. उपाधी आणि नाव यांना वेगळे रकाने द्यावेत. एकाच रकान्यात ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ लिहिलं की अकारविल्हे लावताना सगळे डॉक्टर एका गठ्ठ्यात आणि सगळे प्राध्यापक दुसऱ्या गठ्ठ्यात जातात. भूमिकेचा रकाना सक्तीचा ठेवावा. पाच लेखकांच्या लेखात आपण पहिले की चौथे, प्रकल्पात मुख्य संशोधक की सहसंशोधक, हे नंतर विचारायला गेलं की अवघडल्यासारखं होतं. अर्जातच असलं तर कुणाला काही वाटत नाही.

मुदत १५ सप्टेंबरची होती. पहिल्या दहा दिवसांत जवळजवळ काहीच येत नाही, त्याने हबकून जायचं कारण नाही. सगळं शेवटच्या दोन दिवसांत येतं, आणि मुदत संपल्यावर ‘फक्त एकच ओळ’ म्हणत आणखी येत राहतं. म्हणून जाहीर मुदत १५ ची आणि आमच्या मनातली २२ ची होती. २२ ला तक्ता कुलूपबंद केला.

या मधल्या काळात अर्ज न भरणाऱ्यांकडे वळलो. अर्ज मागवला की तो भरायची सवय असलेलेच भरतात, आणि अंकात पुन्हा तेच चार-पाच चेहरे येतात. प्रयोगशाळा परिचर, लिपिक, ग्रंथालय सहायक, सुरक्षारक्षक, माळी यांच्याकडून एकही अर्ज आला नव्हता. ‘तुम्ही काय केलंत?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘आमचं कसलं यश.’ प्रश्न फिरवून विचारला, ‘गेल्या सहा महिन्यांत तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने काय केलं?’ मग लोक भरभरून सांगायला लागतात. नोकरी सांभाळून पूर्ण केलेली पदवी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, जुन्या उपकरणांच्या दुरुस्तीने वाचलेली खरेदी, ग्रंथालयाच्या जुन्या नोंदवह्यांची संगणकावर उतरवलेली यादी अशा नोंदी याच वाटेने आल्या. अर्थात दुसऱ्याने सांगितलेली नोंद त्या माणसाला दाखवून, त्याचा होकार घेऊनच पुढे न्यायची. काहींना नाव छापलेलं नको असतं.

२३ सप्टेंबरपासून तपासणी. आता जरा सविस्तर सांगतो, कारण बिघडतं ते इथेच.

संशोधन लेखाची तपासणी त्यातल्या त्यात सोपी. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, १० आणि बिंदूने सुरू होतो. तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला की थेट लेखाच्या पानावर जायला हवा. गेला नाही तर लगेच संशय घेऊ नये, नव्या लेखाचा क्रमांक चालू व्हायला कधी काही दिवस लागतात. आठवड्याने पुन्हा पाहावं. तरीही उघडला नाही तर डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेच्या मोफत शोधात शीर्षक टाकून बघावं. लेखाला दोन तारखा असतात हा नेहमीचा घोळ. आधी तो ऑनलाइन येतो आणि काही महिन्यांनी खंड, अंक, पृष्ठ क्रमांकासह येतो. एकच लेख त्यामुळे दोन अंकांत दोनदा झळकतो. दोन्हींपैकी एक तारीख निवडावी आणि कायम तीच पाळावी. आम्ही ऑनलाइन तारीख धरली.

नियतकालिकाचा आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. तो फक्त ओळख क्रमांक आहे. मात्र तो खोटा किंवा चुकीचा टंकलेला आहे का, हे कागदावरच कळतं. आठ अंकांपैकी पहिल्या सातांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर आठव्या अंकाशी जुळलं पाहिजे. उदाहरणार्थ ०३७८-५९५५: बेरीज १६०, बाकी ६, आणि ११ वजा ६ म्हणजे ५. जुळलं. उत्तर १० आलं तर शेवटी रोमन दहाचं चिन्ह असतं, आणि बाकी शून्य उरली तर शेवटचा अंक शून्य. क्रमांक जुळल्यावर आयएसएसएनच्या पोर्टलवर त्या क्रमांकापुढे कोणतं शीर्षक आहे ते पाहावं, कारण चांगल्या नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक उचलून हुबेहूब नकली संकेतस्थळ चालवण्याचे प्रकार होतात. क्रमांक खरा, शीर्षक खरं, पण लेख ज्या संकेतस्थळावर आहे ते भलत्याचंच, अशी गत असते. अशा नकलेत फसलेल्या लेखकाला हे एकट्याला गाठून सांगावं, गटाच्या मेलमध्ये नाही.

एकाच आडनावाचे दोघे असतील तर ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, मागावा. २०१२ पासून ही सोय आहे, नोंदणी मोफत आहे आणि सोळा अंकी क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. नाव किंवा संस्था बदललेल्यांची जुनी-नवी कामं एका ठिकाणी सापडतात, ते पडताळणीला फार सोयीचं पडतं.

पेटंटमध्ये सर्वाधिक गोंधळ. अर्ज दाखल होतो, साधारण अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो, परीक्षण होतं, आणि त्यानंतर पेटंट मंजूर होतं किंवा होत नाही. बातमी मात्र प्रत्येक टप्प्यावर ‘पेटंट प्राप्त’ अशीच येते. अमेरिकी आणि युरोपीय कागदपत्रांत क्रमांकाच्या शेवटी असलेलं अक्षर पाहावं: ‘ए’ म्हणजे प्रसिद्ध झालेला अर्ज, ‘बी’ म्हणजे मंजूर पेटंट. ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ असं काही अस्तित्वातच नाही. पीसीटी या पेटंट सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो, पण मंजुरी प्रत्येक देशाचं किंवा प्रदेशाचं कार्यालयच देतं. आणि वस्तूच्या केवळ रूपाची नोंदणी, म्हणजे डिझाइन नोंदणी, ही वेगळीच गोष्ट. ‘उपकरणाला आंतरराष्ट्रीय पेटंट प्राप्त’ अशा मथळ्याची ओळ शेवटी ‘उपकरणाचा पेटंट-अर्ज प्रसिद्ध झाला असून परीक्षण बाकी आहे’ अशी होते. भपका जातो, पण ही ओळ दोन वर्षांनीही खरी राहते.

अनुदानातही असंच. अर्ज केला, मंजूर झालं, पैसे आले हे तीन वेगळे टप्पे. मंजुरीपत्राची तारीख आणि क्रमांक पाहावा. प्रकल्प अनेक संस्थांचा असेल तर एकूण रक्कम छापायची की आपल्या महाविद्यालयाच्या वाट्याची? आमच्या मते वाट्याची, नाहीतर पुढच्या लेखापरीक्षणात कुणीतरी अंक हातात घेऊन प्रश्न विचारतं. पीएचडीचेही चार टप्पे: प्रबंध सादर, मौखिक परीक्षा, निकालाची अधिसूचना, दीक्षान्त. नावाआधी ‘डॉ.’ लावायचं ते अधिसूचना पाहिल्यावर. तोंडी परीक्षेच्या दिवशीच समाजमाध्यमांवर अभिनंदनाचा पाऊस पडतो, म्हणून हे जास्त जपावं लागतं.

पुस्तकाला आयएसबीएन आहे म्हणजे ते कुणी तपासून छापलं असं नाही. जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी आहे, त्यामुळे नव्या पुस्तकावर फक्त दहा अंकी क्रमांक दिसला तर विचारावं. लेखक, सहलेखक, संपादक आणि एका प्रकरणाचा लेखक यांत फरक करावा. व्याख्यानाच्या नोंदींत बीजभाषण, निमंत्रित व्याख्यान, शोधनिबंध वाचन आणि नुसता सहभाग हे चार शब्द आम्ही ठरवून घेतले आणि कार्यक्रमपत्रिका पाहूनच त्यांतला एक वापरला.

शरदात आणखी एक खास प्रकरण येतं. ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची स्टॅनफर्डची यादी’ बऱ्याचदा याच सुमारास निघते, आणि बातमी येते, ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाने निवड केली.’ तशी कुणी निवड केलेली नसते. स्टॅनफर्डमधले जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या संशोधन लेखांच्या सूचीतल्या उद्धरणांवरून ही माहितीसूची तयार करतात, आणि एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या माहितीभांडारात ती सर्वांना खुली असते. तिच्यात कारकिर्दीभराची आणि एका वर्षाची अशा वेगळ्या सारण्या असतात. क्रम लावायला सहा उद्धरण-निर्देशकांचा एकत्रित गुणांक वापरतात, आणि नाव येण्यासाठी एकूण पहिल्या एक लाखात किंवा आपल्या उपविषयात वरच्या दोन टक्क्यांत असावं लागतं. नाव आहे म्हणून कुणी सांगितलं तर फाइल उतरवून स्वतः शोधावं. आडनावाने शोधलं की तीच आडनावं शेकड्याने येतात, म्हणून संस्थेचा आणि उपविषयाचा रकानाही ताडावा. संस्था जुनी दिसली तर घाबरू नये, ती स्कोपसमधल्या नोंदीवरून आलेली असते. बातमीत कोणती सारणी आणि कोणत्या वर्षाची आवृत्ती हे लिहायचं, ‘निवड’ हा शब्द टाळायचा आणि ‘समावेश’ लिहायचा. नाव येणं ही चांगलीच गोष्ट आहे, त्यासाठी खोटं क्रियापद लागत नाही.

राहिले पुरस्कार. ‘आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरून सन्मान स्वीकारावा’ अशी पत्रं सगळ्यांनाच येतात. आम्ही प्रत्येक पुरस्काराला चार प्रश्न लावले: देणारी संस्था कोण, निकष जाहीर आहेत का, मागच्या वर्षीचे मानकरी कोण, आणि मानकऱ्याने काही पैसे भरले का. चौथ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचे तीन पाहायची गरज नाही. या नियमाने दोन-तीन चेहरे उतरले, नाही असं नाही. पण नियम १ सप्टेंबरच्या आवाहनात होता, त्यामुळे वाद वाढले नाहीत.

तपासणी ३० सप्टेंबरला संपायची होती, ती ३ ऑक्टोबरला संपली. उशीर झाला तो पुराव्याअभावी. प्रमाणपत्राचा अर्धा कापलेला फोटो, तारीख नसलेलं पत्र, ‘लिंक उघडत नाही’ अशी उत्तरं. मेलला उत्तर आलं नाही तर पुन्हा मेल करू नये. छापील यादी घेऊन विभागात जावं, दोन मिनिटांत काम होतं.

लेखन त्याच आठवड्यात समांतर चाललं होतं. एका नोंदीला पस्तीस ते चाळीस शब्द पुरतात. ‘उल्लेखनीय’, ‘यशस्वीरीत्या’, ‘मानाचा तुरा’, ‘शिरपेचात’ हे सगळं काढलं की जागा निघते आणि नोंदी एकमेकींशेजारी बरोबरीने बसतात. कुणाच्या नोंदीत विशेषण ठेवलं आणि कुणाच्या नाही ठेवलं, हे वाचक लगेच पाहतात. क्रम पदानुसार लावला की अंक कार्यालयीन परिपत्रकासारखा दिसतो, म्हणून अकारविल्हे लावला. त्यातही गंमत आहे: आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी शिकवतात, संगणक मात्र क्षला कमध्ये आणि ज्ञला जमध्ये टाकतो. कोणताही एक क्रम चालेल. आम्ही संगणकाचा ठेवला.

प्रत्येकाला त्याची नोंद परत पाठवून अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्ती मागितली. ‘उत्तर न आल्यास मजकूर मान्य आहे असं समजलं जाईल’ हे वाक्य उपयोगी आहे, पण निवृत्ती आणि श्रद्धांजलीच्या मजकुराला ते लावू नये. तिथे घरच्यांशी किंवा त्या व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलावं. सेवेची वर्षं, पदनाम, नावाचं लेखन या तीनपैकी एखादी तरी गोष्ट आस्थापना विभागाच्या कागदांत वेगळी निघतेच.

आता कॅम्पसच्या बातम्या. नवे विद्यार्थी, नवे सहकारी, ग्रंथालयाची वाढवलेली वेळ, प्रयोगशाळेची दुरुस्ती, चर्चासत्रं, क्रीडास्पर्धा. या पानांना फार वेळ लागत नाही. एवढंच पाहावं की झालेली घटना आणि पुढे होणारी घटना एकाच पानावर मिसळू नयेत. अंक छापून हातात येईपर्यंत ‘येत्या आठवड्यात’ होणारं व्याख्यान होऊन गेलेलं असतं. वार आणि तारीख दोन्ही लिहावे, आणि ते एकमेकांशी जुळतात का हे दिनदर्शिकेत पाहावं.

मजकूर प्राचार्यांकडे गेला आणि पाचव्या दिवशी परत आला. मांडणी झाल्यावर वाचायला दिला असता तर प्रत्येक बदलाला पान हललं असतं, म्हणून साधा टंकलिखित मजकूरच, दुहेरी ओळी सोडून, कागदावर दिला. बदल एकाच प्रतीवर एकाच रंगाच्या पेनाने आले की भांडण नसतं. ती सही केलेली प्रत जपून ठेवावी.

फोटोंची कथा थोडक्यात. छपाईला इंचाला ३०० बिंदू लागतात. A-फोर आकाराचं पूर्ण पान, कापणीचे तीन मिलिमीटर चारही बाजूंना धरून, २१६ बाय ३०३ मिलिमीटर होतं; त्याला साधारण २५५० बाय ३५८० बिंदूंचा फोटो हवा. ९० मिलिमीटर रुंदीच्या स्तंभाला १०६० पुरतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ आकारात येतो. पाठवणाऱ्यांना हे सुरुवातीलाच सांगावं. विद्यार्थ्यांचे चेहरे ओळखू येत असतील तर लेखी संमती, अठरा वर्षांखालील असतील तर पालकांची. मुखपृष्ठावर शरदाची पानं हवीतच असा सगळ्यांचा आग्रह असतो. हरितद्रव्य विघटित होऊन मागचे पिवळे-नारिंगी रंग दिसू लागतात, पडद्यावर ते झळाळतात, आणि कागदावर मातकट येतात. पडद्याचे लाल-हिरवा-निळा आणि शाईचे निळा-किरमिजी-पिवळा-काळा यांच्यात झळाळता नारिंगी रंग बसतच नाही. म्हणून फोटो निवडण्याआधीच तो छपाईच्या रंगांत बदलून पाहावा. आमची पहिली पसंती त्यातच बाद झाली, आणि ढगाळ सकाळी काढलेला साधा फोटो मुखपृष्ठावर गेला.

१० ऑक्टोबरला मांडणी सुरू. मध्ये टाचण्या मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत असावी लागतात: बारा, सोळा, वीस. चौदा पानांचा मजकूर असेल तर दोन पानं कमी करा किंवा वाढवा. देवनागरीला वर-खाली मात्रा असल्यामुळे अकरा पॉइंटच्या अक्षराला पंधरा-सोळा पॉइंटची ओळ द्यावी, नाहीतर वरचा उकार खालच्या रफारावर बसतो. मांडणीच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाची रचना ‘वर्ल्ड-रेडी’ निवडली नाही तर पहिली वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात. मजकुराची भाषा मराठी अशी नेमून द्यावी. बऱ्याच टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं आहेत, पण भाषा नेमल्याशिवाय ती येत नाहीत. तिरो देवनागरी मराठीसारखा मोफत टंक घेतला तर ही वळणं आपोआप मिळतात.

काही विभागांचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत आला. परिवर्तकाने तो बदलता येतो, पण रफार आणि पहिली वेलांटी सरकते, म्हणून बदललेली प्रत्येक ओळ वाचावी लागते. त्याहून छुपा त्रास ‘कर्मचाऱ्यांचे’ या शब्दाने दिला. त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण शोध घेतला की एकच सापडतो. सगळीकडे एकच दुरुस्ती केली असं वाटतं आणि निम्म्या जागा तशाच राहतात. दोन्ही तऱ्हा शोधून एक करून घेतल्या, मग पुढचं काम सुरळीत झालं.

१६ ते १९ मुद्रितशोधन. पडद्यावर नव्हे, कागदावर. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने सही केलेल्या प्रतीवर बोट ठेवून ताडायचं. मोठ्या मथळ्यांतल्या चुका सर्वांत जास्त निसटतात, कारण तिथे कुणी वाचतच नाही, सगळे नुसते पाहतात. फोटोखालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे मोजून चेहरे आणि नावं जुळवावीत. शेवटची फेरी फक्त नावांची, अंकातली सगळी नावं सलग काढून कार्यालयाच्या यादीशी ताडून. चार A-थ्री कागद घडी घालून नमुना अंक केला आणि तो उलगडून पानांचा क्रम तपासला.

खर्चाचं गणित प्रतींच्या संख्येवर ठरतं. ऑफसेटमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी पट्टी, म्हणजे छपाईची प्लेट, लागते. आठ पानं एका बाजूला बसणाऱ्या मोठ्या कागदावर सोळा पानी अंक आठ पट्ट्यांत होतो, दोनच पानं बसणाऱ्या लहान यंत्रावर बत्तीस लागतात. हा खर्च पहिल्या प्रतीआधीच होतो, मग प्रती वाढतील तशी एकेक प्रत स्वस्त पडते. डिजिटल छपाईत पट्ट्या नसतात, म्हणून दर जवळजवळ स्थिर. आमच्यासारख्या थोड्या प्रतींना डिजिटलच परवडतं, तरी दोन्ही पद्धतींची दरपत्रकं एकाच तपशिलावर मागवावीत: आकार, पानं, कागदाचं वजन, रंग, बांधणी, प्रती, पोहोचवणं. एक जरी बाब मोकळी सोडली तर दरपत्रकांची तुलना होत नाही. तीन दरपत्रकं आणि खरेदी समितीची मान्यता यात आठ दिवस जातात, म्हणून हे काम सप्टेंबरमध्येच लावून द्यावं.

टपालाने पाठवायच्या प्रतींचं वजन आधी मोजता येतं. A-थ्री कागद म्हणजे चौरस मीटरचा आठवा भाग. आतले तीन कागद १३० ग्रॅमचे, म्हणजे प्रत्येकी सव्वासोळा ग्रॅम. मुखपृष्ठाचा एक १७० ग्रॅमचा, म्हणजे सव्वाएकवीस. एकूण सत्तर ग्रॅम, पाकीट वेगळं. टपालाचा पुढचा टप्पा ओलांडला जात असेल तर आतला कागद पातळ घ्यावा.

२० ला फाइल गेली. टंक फाइलमध्येच बसवलेले, कापणीसाठी तीन मिलिमीटर जास्त, आणि मजकूर कडेपासून निदान आठ-दहा मिलिमीटर आत. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. तो चार रंगांत गेला तर शाया किंचित सरकल्या तरी मात्रांना रंगीत सावली येते. छापखान्याकडून नमुना प्रत आली, तिच्यावर सही करण्याआधी मुखपृष्ठाचा खंड, अंक आणि महिना पुन्हा पाहिला. गेल्या अंकाची फाइल वापरून नवा अंक करताना हीच ओळ जुनी राहून जाते.

२८ ला प्रती आल्या. गठ्ठे फोडून मधली-मधली प्रत काढून पाहावी, वरची नेहमी चांगलीच असते. दोन प्रतींत एक कागद उलटा बसला होता, त्या बदलून मिळाल्या. ठरलेल्या संख्येच्या पाच टक्के जास्त छापल्या होत्या, त्या पुरल्या. वाटपाची पहिली प्रत ग्रंथालयाला, पाच प्रती नोंदणीसह जतनासाठी. अर्ज न भरता ज्यांची नोंद आली त्यांना प्रत हातात नेऊन दिली. त्यांच्यापर्यंत आपोआप ती पोहोचत नाही.

संकेतस्थळावरची पीडीएफ छपाईचीच फाइल नसावी. तिच्यात कापणीच्या खुणा असतात आणि आकार अवाढव्य असतो. पडद्यासाठी वेगळी, शोधता येणारी, फोटोंना वर्णन असलेली प्रत केली, म्हणजे दृष्टिहीन वाचकांच्या वाचकप्रणालीलाही ती वाचता येते. वर टाकण्याआधी दोन-तीन शब्द नक्कल करून दुसरीकडे चिकटवून पाहावेत, अक्षरं तुटली तर शोध चालणार नाही.

अंक निघाल्यावर तीन दुरुस्त्या आल्या. एका पदनामात ‘सहयोगी’ऐवजी ‘सहायक’, एका फोटोखाली दोन नावांची अदलाबदल, आणि एका लेखाचं वर्ष. पीडीएफमध्ये त्या लगेच केल्या आणि शेवटच्या पानावर दुरुस्तीची तारीख लिहिली. छापील प्रतींसाठी दुरुस्ती पुढच्या अंकाच्या दुसऱ्या पानावर जाईल. १ सप्टेंबरपासूनच्या ज्या नोंदी कालखंडाबाहेरच्या म्हणून थांबवल्या होत्या, त्या वसंत अंकाच्या तक्त्यात पुराव्यासह उतरवून ठेवल्या आहेत.